आंतरराष्ट्रीय पर्यावरण परिषदा आणि आपली पोरं: मला सारखे विचारले जाणारे प्रश्न

मी कॉलेजात पर्यावरण विषय शिकवते आणि गेली काही वर्षं मुलामुलींना या परिषदांसाठी अर्ज कसे करायचे, निवेदनं कशी लिहायची यात मदत करते. तेच ते प्रश्न फोनवर, मेसेजवर, कधी पालकसभेत येतात, म्हणून म्हटलं एकदा सगळं एका जागी लिहून टाकू. उत्तरं काही ठिकाणी लांबली आहेत कारण विषयच तसा आहे.

हे नेमकं आहे काय? पर्यावरणाचे निर्णय तर सरकारं घेतात ना?

हो, सरकारंच घेतात. हवामान बदल, जैवविविधता, वाळवंटीकरण अशा प्रत्येक विषयावर देशादेशांत करार झालेले आहेत आणि त्या करारातले देश ठराविक काळाने एकत्र बसतात, त्या बैठकीला कॉप म्हणतात. मतदानाचा हक्क, म्हणजे हो किंवा नाही म्हणायचा हक्क, फक्त देशांना. पण १९९२ ला ब्राझीलमध्ये रिओला जी वसुंधरा परिषद झाली तिथे देशांनी स्वतःच लिहून दिलं की स्त्रिया, शेतकरी, कामगार, आदिवासी, मुलं आणि तरुण अशा ९ गटांना सोबत घेतल्याशिवाय हे काम होणार नाही. तिथल्या अजेंडा २१ या दस्तऐवजाचं २५ वं प्रकरण पूर्ण मुलं आणि तरुणांवर आहे आणि त्यात स्पष्ट म्हटलंय की संयुक्त राष्ट्रांच्या सगळ्या प्रक्रियांमध्ये तरुणांचं प्रतिनिधित्व असावं, आणि ते कशासाठी तर त्या प्रक्रियांवर प्रभाव पडावा यासाठी. प्रभाव हा शब्द मी मुलांना अधोरेखित करायला लावते. नुसतं हजर राहण्यासाठी बोलावलेलं नाही.

त्याच रिओत कॅनडाची १२ वर्षांची सेव्हर्न कलिस-सुझुकी बोलली होती, मैत्रिणींनी मिळून स्वतः पैसे जमवून त्या तिथे पोचल्या होत्या. ते भाषण आजही वर्गात दाखवलं की मुलं एकदम गप्प होतात.

तरुण म्हणजे किती वय?

जागेनुसार बदलतं. संयुक्त राष्ट्रं आकडेवारीसाठी १५ ते २४ धरतात, आपल्या २०१४ च्या राष्ट्रीय युवा धोरणात १५ ते २९ आहे, हवामान परिषदेतल्या युवा गटात ३५ पर्यंत चालतं. १८ च्या आतले कायद्याने बालक, त्यांच्यासाठी पालकांची संमती वगैरे वेगळे नियम असतात. अर्ज भरताना आधी वयाची अट वाचा, बाकी नंतर.

मुलांचं म्हणणं ऐकायचं हा त्यांचा हक्क आहे की मोठ्यांचा मोठेपणा?

हक्क आहे. बालहक्क करार १९८९ चा, भारत त्यात १९९२ ला सामील झाला, आणि त्याचं कलम १२ म्हणतं की मुलाशी संबंधित प्रत्येक बाबतीत त्याला मत मांडता आलं पाहिजे आणि त्या मताला वयाप्रमाणे, समजेप्रमाणे वजन दिलं पाहिजे. ऑगस्ट २०२३ मध्ये त्या कराराच्या समितीने पर्यावरण आणि हवामान बदलावर खास मार्गदर्शन काढलं, त्याला जनरल कमेंट २६ म्हणतात. मला त्यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे ते लिहिण्याआधी १२१ देशांतल्या मुलांना विचारलं आणि १६,३३१ मतं आली, आणि ती वाचून मसुदा बनला. म्हणजे मुलांवर परिणाम करणारा दस्तऐवज मुलांना विचारून लिहिता येतो हे तिथे करून दाखवलेलं आहे, त्यामुळे आता कुणी म्हणालं की हे व्यवहारात शक्य नाही तर मी हेच उदाहरण पुढे करते.

कॉपला गेलं की आत काय करता येतं?

इथे गैरसमज खूप आहेत म्हणून सविस्तर सांगते. पहिली गोष्ट, वाटाघाटी चालतात तिथे एकट्या माणसाला वैयक्तिक नोंदणी करून जाता येत नाही. बॅज, म्हणजे प्रवेशपास, मिळतो तो मान्यताप्राप्त संस्थेमार्फत, आणि संस्थेला ठराविकच बॅज मिळतात. परिषदेचे दोन भाग असतात, ब्लू झोन जिथे वाटाघाटी होतात आणि ग्रीन झोन जिथे यजमान देश प्रदर्शनं, कार्यक्रम करतो. आपल्याकडे फोटो दिसतात त्यातले बरेच ग्रीन झोनचे असतात.

हवामान परिषदेत निरीक्षक संस्थांचे, म्हणजे मताचा हक्क नसताना हजर राहणाऱ्या संस्थांचे, ९ गट आहेत, त्यातला मुलातरुणांचा गट म्हणजे यंगो. २००९ ला त्याला तात्पुरती आणि २०११ ला पूर्ण मान्यता मिळाली. उत्तर गोलार्धातल्या श्रीमंत देशांतून एक आणि आपल्यासारख्या देशांतून एक असे त्याचे प्रतिनिधी निवडले जातात, शिवाय शेती, नुकसानभरपाई, शिक्षण अशा विषयांचे कार्यगट असतात आणि त्यात घरी बसून ऑनलाइन काम करता येतं. कॉपच्या आधी युवा परिषद भरते, ती २००५ ला माँट्रियलपासून सुरू झाली, आणि तिथून जगभरच्या तरुणांचं एक निवेदन तयार होऊन वाटाघाटींकडे जातं. देशपातळीवरही अशा युवा परिषदा होतात, भारतातही होते, पहिली पायरी म्हणून ती बघा.

आता प्रत्यक्ष खोलीत. टेबलाभोवती देशांचे प्रतिनिधी, मागच्या खुर्च्यांवर निरीक्षक. समोर पडद्यावर मसुदा असतो आणि ज्या शब्दावर एकमत नाही तो चौकटी कंसात टाकलेला असतो. सगळी भांडणं त्या कंसांसाठी चालतात, कंस निघाला की शब्द पक्का. निरीक्षकांना बोलायची वेळ आलीच तर शेवटी येते, एकदोन मिनिटं, आणि बैठक लांबली की तीही जाते. बरेचदा दार बंद करून बैठक होते, मग बाहेर कॉरिडॉरमध्ये उभं राहायचं आणि आपल्या मुद्द्याशी सहमत असलेल्या देशाचा माणूस चहाला बाहेर आला की त्याला गाठायचं. हे काम दिसायला किरकोळ वाटतं पण कंसातला शब्द वाचतो किंवा पडतो तो बरेचदा इथे. त्यासाठी तुमच्या हातात तयार वाक्य पाहिजे. पृथ्वी वाचवा असं म्हणून उपयोग नाही, अमुक परिच्छेदात मुलं हा शब्द राहू द्या असं सांगता आलं पाहिजे.

मग हे सगळं शोभेपुरतंच आहे असं नाही का वाटत?

बऱ्याच वेळा आहे, आणि मुलांपासून हे लपवू नये असं माझं मत आहे. उद्घाटनाला भाषण, नेत्यांसोबत फोटो, टाळ्या, आणि मसुदा लिहिताना कुणी विचारत नाही. लग्नाला आग्रहाने बोलवायचं आणि पंगतीत पान मांडायचं नाही, असं आहे ते. डिसेंबर २०२३ ला दुबईतल्या कॉपमध्ये मणिपूरची १२ वर्षांची लिसिप्रिया कंगुजम जीवाश्म इंधनं बंद करा असा फलक घेऊन थेट मंचावर धावत गेली, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि तिला बाहेर नेण्यात आलं. मला ते बघून वाईट वाटलं, कारण १२ वर्षांच्या पोरीला धावत जावं लागतं याचा अर्थ तिच्यासाठी सरळ रस्ता नाहीये.

पण सगळंच फोल आहे असंही मी म्हणणार नाही. त्याच दुबईत यजमान देशाने युवा हवामान चॅम्पियन नेमायची पद्धत कायमची झाली, म्हणजे प्रत्येक कॉपच्या अध्यक्षांच्या टीममध्ये तरुणांसाठी एक जागा आली. नेदरलँडसारखे देश अधिकृत शिष्टमंडळात युवा प्रतिनिधी नेतात. काही वर्षांपासून तरुण सरकारी वाटाघाटीकारांना प्रशिक्षण देणारे कार्यक्रमही चालतात, आणि मला स्वतःला हीच वाट जास्त भरवशाची वाटते कारण तिथे पोरं मागच्या खुर्चीवर नाही, देशाच्या पाटीमागे बसतात.

तरुणांमुळे खरंच काही घडलंय असं एक तरी उदाहरण?

आहे, आणि ते मी दरवर्षी पहिल्याच तासाला सांगते.

पॅसिफिक महासागरात वानुआतू नावाचा बेटांचा देश आहे, लोकसंख्या आपल्याकडच्या एखाद्या मध्यम तालुक्याएवढी. २०१५ च्या मार्चमध्ये पाम नावाच्या चक्रीवादळाने तो देश पार झोडपून काढला. तिथल्या पोर्ट व्हिला शहरात युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ पॅसिफिकचा कॅम्पस आहे, ही युनिव्हर्सिटी १२ बेटदेशांची मिळून आहे. २०१९ मध्ये तिथल्या कायद्याच्या २७ विद्यार्थ्यांनी वर्गातल्या अभ्यासातून एक प्रश्न धरला, की हवामान बदलाबद्दल देशांची कायदेशीर जबाबदारी काय आहे हे आंतरराष्ट्रीय न्यायालयालाच का विचारू नये? त्यांनी संघटना काढली, पॅसिफिक आयलंड्स स्टुडंट्स फायटिंग क्लायमेट चेंज, आणि पॅसिफिकमधल्या सगळ्या सरकारांना पत्रं लिहिली. वानुआतूच्या सरकारने त्यांचं ऐकलं.

आता यातलं डोकं बघा. न्यायालयात व्यक्ती किंवा संघटना जाऊच शकत नाही, म्हणून त्यांनी आपल्या सरकारला पुढे केलं, सरकारने इतर देश जमवले, जगभरच्या तरुणांनी आपापल्या देशात पाठपुरावा केला, आणि २९ मार्च २०२३ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत हा प्रश्न न्यायालयाला विचारायचा ठराव एकमताने पास झाला. १३२ देश सहप्रायोजक. डिसेंबर २०२४ ला हेगमध्ये, जिथे हे न्यायालय आहे, दोन आठवडे सुनावणी चालली, ९६ देश आणि ११ आंतरराष्ट्रीय संघटना बोलल्या, आणि पहिल्याच दिवशी त्या विद्यार्थ्यांपैकी सॉलोमन बेटांची सिंथिया होउनिउही न्यायाधीशांसमोर उभी राहिली. २३ जुलै २०२५ ला १५ न्यायाधीशांनी एकमताने मत दिलं. हवामानाला मोठी हानी होऊ न देणं हे देशांचं कायदेशीर कर्तव्य आहे, तापमानवाढीची १.५ अंशांची मर्यादा हेच देशांनी मान्य केलेलं मुख्य लक्ष्य आहे, आणि जीवाश्म इंधनांना परवाने, सबसिडी देत राहणं हेसुद्धा बेकायदेशीर कृत्य ठरू शकतं, भरपाईचा प्रश्न येऊ शकतो. त्या खंडपीठात आपले न्यायमूर्ती दलवीर भंडारी होते, जे एकेकाळी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते.

वर्गातल्या प्रश्नापासून जगातल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत ६ वर्षं. माझी मुलं विचारतात इतकी वर्षं लागतात? मी म्हणते अरे, इतकीच लागली.

पण ते मत बंधनकारक नाही म्हणे?

बरोबर, ते सल्लागारी मत आहे, कुठल्या देशाला त्यातून शिक्षा होत नाही. पण देशोदेशीची कोर्टं ते वाचतात, वकील ते दाखवतात, वाटाघाटीत छोटे देश त्याचा आधार घेतात. आणि तुलनेसाठी दुसरे दोन प्रयत्न बघा. २०१९ ला १६ मुलांनी, त्यात हरिद्वारची रिद्धिमा पांडे होती, बालहक्क समितीकडे ५ देशांविरुद्ध तक्रार केली. २०२१ ला समितीने प्रदूषणाचा त्रास सीमेपलीकडच्या मुलांना होतो आणि त्याची जबाबदारी देशावर येऊ शकते हे मान्य केलं पण तक्रार दाखल करून घेतली नाही, कारण आधी देशातल्या कोर्टात जायला हवं होतं. पोर्तुगालच्या ६ तरुणांनी युरोपियन मानवाधिकार न्यायालयात ३० हून जास्त देशांना खेचलं, तिथेही एप्रिल २०२४ ला साधारण तसंच झालं, देशातली कोर्टं आधी, आणि बाकीच्या देशांवर तुमचा दावा लागू होत नाही. धाडस सगळ्यांचं सारखंच, पण वानुआतूच्या पोरांनी दार कुठलं उघडतं ते आधी शोधलं. हिंमत आणि गृहपाठ दोन्ही लागतं, एकावर भागत नाही.

भारताचं दरडोई उत्सर्जन कमी आहे, मग आपल्या पोरांनी का बोलायचं?

आपलं दरडोई उत्सर्जन जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी आहे हे खरं आणि श्रीमंत देशांनी ऐतिहासिक जबाबदारी घ्यावी हा भारताचा मुद्दाही रास्त आहे. हेगच्या सुनावणीतही भारताने समन्यायाचीच बाजू मांडली आणि सांगितलं की सध्याच्या हवामान करारांपलीकडे नवीन बंधनं न्यायालयाने तयार करू नयेत. या शेवटच्या मुद्द्याशी मी सहमत नाही, पण वर्गात दोन्ही बाजूंनी वाद घालायला लावते. आणि बोलायचं का म्हणाल तर ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा श्रीवर्धन, दिवेआगरच्या नारळी पोफळीच्या वाड्या एका दिवसात आडव्या झाल्या. पोफळ परत लावून उत्पन्न यायला वर्षानुवर्षं जातात. त्या घरातली पोरगी नुकसानभरपाईच्या वाटाघाटीत जे सांगू शकते ते दिल्लीचा किंवा जिनिव्हाचा तज्ज्ञ सांगू शकत नाही.

आपल्याकडचं कुणी तिथपर्यंत पोचलंय का?

२०२० ला संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी हवामानावर ७ तरुणांचा सल्लागार गट नेमला, त्यात ओडिशाच्या खडिया आदिवासी समाजातली अर्चना सोरेंग होती, आणि तिचं शिक्षण मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत झालंय. आदिवासींचं जंगलाचं ज्ञान निर्णयात यायला हवं हा तिचा धरलेला मुद्दा. रिद्धिमाने तर ९ वर्षांची असताना, २०१७ ला, हरित लवादात याचिका केली होती, ती २०१९ ला फेटाळली गेली तरी ती थांबली नाही. तमिळनाडूच्या तिरुवण्णामलईची विनिशा उमाशंकर सौरऊर्जेवर चालणारी इस्त्रीची गाडी बनवून २०२१ ला ग्लासगोच्या परिषदेत बोलली.

माझं इंग्रजी कच्चं आहे, जमेल का?

सगळ्यात जास्त हाच प्रश्न येतो आणि मला त्याचाच सगळ्यात त्रास होतो. संयुक्त राष्ट्रांच्या अधिकृत भाषा ६, अरबी, चिनी, इंग्रजी, फ्रेंच, रशियन, स्पॅनिश, त्यात आपली एकही नाही. युवा गटांचं रोजचं कामही बहुतेक इंग्रजीत. अडचण खरी आहे, ती तुमची कमतरता नाही, व्यवस्थेची आहे. उपाय म्हणून आम्ही गटाने काम करतो, मुद्दे मराठीत काढायचे, भांडायचं मराठीत, मग इंग्रजी बऱ्यापैकी येणारा एकजण लिहून काढतो आणि मुद्दा ज्याचा त्याला परत वाचून दाखवतो, कारण भाषांतरात मुद्दा बोथट होतो.

भाषेसाठी भांडताही येतं. २०२० ला पर्यावरण परिणाम अधिसूचनेचा, म्हणजे प्रकल्पाला परवानगी देण्याआधी पर्यावरणावरचा परिणाम तपासायच्या नियमांचा, मसुदा आला तेव्हा तो इंग्रजी हिंदीतच होता. ३० जून २०२० ला दिल्ली उच्च न्यायालयाने राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या २२ भाषांत भाषांतर करा असा आदेश दिला आणि हरकतींची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली. ज्याच्या गावावर परिणाम होणार त्याला वाचताच येत नसेल तर हरकत कुठून घेणार?

फक्त हवामानच का? बाकी विषय?

उलट बाकी विषयांत गर्दी कमी आणि जागा जास्त. जैवविविधता करारात तरुणांचं जागतिक नेटवर्क २०१० पासून आहे, आणि डिसेंबर २०२२ ला माँट्रियलला जो कुनमिंग-माँट्रियल आराखडा मंजूर झाला त्याचं २२ वं लक्ष्य आदिवासी, स्त्रिया, मुलं आणि तरुणांच्या निर्णयातल्या सहभागाबद्दल आहे. नैरोबीला संयुक्त राष्ट्रांची पर्यावरण सभा भरते तिथे तरुणांचा वेगळा गट आहे. प्लास्टिक कराराच्या वाटाघाटी २०२२ पासून चालू झाल्या, बुसानला फेरी झाली, ऑगस्ट २०२५ ला जिनिव्हाला झाली, तरी करार झाला नाही. कचरा वेचणाऱ्या कुटुंबातल्या मुलांनी तिथे पोचायला हवं असं मला फार वाटतं.

खर्च किती? व्हिसाचं काय?

खर्च भरपूर, विमान, राहणं, जेवण, आणि परिषदेच्या काळात हॉटेलं अव्वाच्या सव्वा दर लावतात. अर्थसहाय्य मिळतं पण जागा मोजक्या. आमच्याकडच्या एका मुलीचा व्हिसा परिषद संपल्यावर हातात आला, सहा महिने तयारी केली होती तिने, ती दोन दिवस कुणाशी बोलली नाही. तेव्हापासून मी सांगते अर्ज होईल तितक्या लवकर करा आणि प्रवासावर सगळं अवलंबून ठेवू नका.

मला युवा समिटमध्ये निवड झाली म्हणून मेल आलाय, पैसे भरायला सांगतात. भरू का?

थांबा. संयुक्त राष्ट्रांसारखं नाव आणि निळा लोगो लावून हॉटेलात दोन दिवसांचे कार्यक्रम घेणारे पुष्कळ आहेत आणि त्यात कुठलाही निर्णय होत नसतो. आयोजक संस्था त्या कराराच्या अधिकृत निरीक्षक यादीत आहे का ते बघा, यादी वेबसाइटवर असते. कॉपच्या बॅजला फी नसते. कुणी बॅज विकत देतो म्हणाला तर लांब राहा. पोराच्या हौसेपायी आईबापांनी कर्ज काढलेलं मी पाहिलंय.

मुलगी १५ वर्षांची आहे, पाठवावी का? सोशल मीडियावर लोक काय वाटेल ते बोलतात.

तुमची काळजी रास्त आहे. बोलणाऱ्या मुलींना जास्तच घाण ऐकावी लागते. सोबत विश्वासातलं मोठं माणूस हवंच, तिच्या भाषणाचा मसुदा तिचाच हवा, गावाचं शाळेचं नाव पोस्टमध्ये नको, आणि तिला कधीही नाही म्हणायची मोकळीक हवी, अगदी मंचावर जाण्याआधी पाच मिनिटंसुद्धा. दहावीचं वर्ष असेल तर तिलाच ठरवू द्या.

कुठेच जाता येणार नाही, गावात राहून काय करू?

बरंच काही, आणि खरं सांगायचं तर सुरुवात इथूनच करावी. जैवविविधता कायदा २००२ चा आहे, त्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि लोकजैवविविधता नोंदवही करायची असते. ग्रामपंचायतीत जाऊन ती नोंदवही बघायला मागा. कधी ती कपाटात असते, कधी भलत्याच गावाची माहिती उतरवलेली असते. ती दुरुस्त करा, आजीला रानभाज्यांची नावं विचारा, लिहा. हाच कागद पुढे देशाच्या जैवविविधता अहवालाचा पाया असायला हवा, आणि त्या अहवालावर जगात चर्चा होते. गोव्यात मोलेचं जंगल वाचवायला २०२० ला विद्यार्थी, चित्रकार, अभ्यासक असे सगळे मिळून लिहायला चित्रं काढायला लागले, आणि मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या रेल्वे दुपदरीकरणाची वन्यजीव मंडळाची परवानगी रद्द केली, याचिका ज्यांनी लढवली त्यांचं श्रेय आहेच पण लोकांना ते जंगल माहीत झालं ते या पोरांमुळे.

दुसरं, संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक, म्हणजे एकेका विषयावर अहवाल द्यायला नेमलेले तज्ज्ञ, आणि समित्या वेळोवेळी लेखी माहिती मागवतात, ती कुणीही पाठवू शकतं, बॅज लागत नाही, व्हिसा लागत नाही. दोन पानं लिहा, तारीख, गाव, काय घडलं, कुणाकडे तक्रार केली, काय उत्तर आलं, आणि नेमकं काय बदलायला हवं ते एका वाक्यात. पहिला मसुदा मराठीतच लिहा आणि आमच्याकडे आणा, शनिवारी दुपारी २ नंतर आम्ही बसलेले असतो.